बंदूकवाल्यांची न्याहारी

आयुष्यात मी बंदूक जवळून पाहिली होती ती पुण्यात, बँकेच्या दारात. स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्याच्या मांडीवर ती आडवी असायची आणि तो बहुतेक वेळा पेंगत असायचा. त्यामुळे बंदूक ही एक झोपाळू वस्तू आहे, असंच माझं मत होतं. ते बदललं आयर्लंडमध्ये, जिथे साध्या पोलिसाच्या कमरेलाही पिस्तूल नसतं. आणि तेही रविवारी सकाळी, टोस्टला लोणी लावताना.

मी शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. नवरा घरूनच डब्लिनच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे रविवारी त्याला घराबाहेर काढणं हा माझा धर्म. गावाबाहेर पडलं की पंधरा-वीस मिनिटांवर, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कॅफे आहे. कॅफे म्हणजे सात-आठ टेबलं, वाफेने धुरकटलेल्या काचा आणि मालकीणबाई. वय साठीच्या पुढे, आवाज जाड, आणि माणसापेक्षा त्याच्या बुटांकडे आधी बघायची सवय.

एका हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदाच तिथे न्याहारीला गेलो होतो. दार उघडलं आणि चार शेतकरी आत आले. अंगावर भिजलेले कोट, पायात रबरी बूट आणि प्रत्येकाच्या हातावर बंदूक. मधोमध मोडून उघडी केलेली, रिकामी. पण हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी हातातली सुरी खाली ठेवली. का, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा आपल्याकडे शस्त्र नाही हे त्यांना दिसावं म्हणून.

मालकीणबाई काउंटरमागून ओरडल्या, "पाय पुसा!"

चौघांनी मुकाट्याने परत जाऊन पायपुसण्यावर बूट घासले, भिंतीलगतच्या जुन्या चर्चच्या बाकावर बंदुका ओळीने ठेवल्या आणि अंडी मागवली.

मी हळूच मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "फेझंट पक्षी मारायला जातात ते. पहाटेपासून चिखलात. गाडीत बंदूक टाकून जायचं नाही, असा नियम. मग एक तर उपाशी घरी जायचं, नाहीतर ती सोबत आत आणायची. बाकीच्या हॉटेलवाल्यांनी यांना नको सांगितलं. मी म्हटलं, उघडी आणि रिकामी असेल तर माझी हरकत नाही. फरशी मात्र मलाच पुसावी लागते."

म्हणजे या बाईंच्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, चिखल बाळगण्याचा नव्हता.

हळूहळू आम्हाला सवय झाली. माणूस कशालाही सरावतो. मी तर त्या बाकाशेजारच्या टेबलावर बसून ऑफिसच्या ईमेल वाचू लागले. पुढच्या हिवाळ्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या, तेव्हा त्यांना या प्रकाराची आधी कल्पना द्यावी की नाही, यावर आमच्या घरात चर्चा झाली. नवरा म्हणाला, "आई घाबरेल." म्हणून आम्ही काहीच सांगितलं नाही आणि बाकापासून सगळ्यांत लांबचं टेबल धरलं.

सासूबाई साताऱ्याकडच्या, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावातल्या. त्यांनी आत पाऊल ठेवलं, बाकाकडे पाहिलं आणि आम्ही धरलेलं टेबल सोडून सरळ तिकडे गेल्या.

"दुनळी हाय," त्या म्हणाल्या. जुनी मैत्रीण भेटावी तसा चेहरा झाला होता. "आमच्या आबांची अश्शीच हुती. रानडुकरं यायची भुईमुगात."

बाकाजवळ बसलेला एक म्हातारा शेतकरी गमतीने बघत होता. लालबुंद चेहरा, भुवया पांढऱ्या आणि झुडपासारख्या. मी दुभाषी झाले. डुकराची हकिगत ऐकून त्याने खुर्ची पुढे सरकवली. त्याच्याकडे कोल्हे होते, ते कोकरं पळवत. कावळे होते, ते नवजात कोकरांचे डोळे फोडत. सासूबाईंनी "अगं आई गं" म्हटलं, ते मी न सांगताच त्याला समजलं.

मग त्यांनी मला विचारायला लावलं, "निवडणुकीत कुठं जमा करता ही?"

"जमा?" म्हातारा गोंधळला.

"पोलीस ठाण्यात. आमच्याकडं मतदान आलं की परवान्याची बंदूक पोलिसांकडं न्यावी लागती. निकाल लागला की मग माघारी."

"कशासाठी?"

सासूबाईंना प्रश्नच कळेना. "कशासाठी म्हंजे? निवडणूक नव्हं का?"

म्हातारा म्हणाला, "आमच्याकडे निवडणुकीत माणसं नुसती बोलतात. पण बोलणंच जमा करून घ्यायची सोय असती, तर बरं झालं असतं."

त्या दिवसापासून रविवारी त्या दोघांच्या खुर्च्या शेजारी-शेजारी. मी उकडलेलं अंडं खात दोन्हीकडचं बोलणं पोचवत असे.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात नवऱ्याचा कॉलेजमधला मित्र पाहुणा आला. डब्लिनच्या सँडीफोर्डला राहतो, लुआस ट्रामने ऑफिसला जातो, कुठल्याही हॉटेलात पाय ठेवण्याआधी त्याचे तारे मोजतो. आम्ही मोठ्या कौतुकाने त्याला आणि त्याच्या बायकोला कॅफेत नेलं. बंदुका आल्या तसा तो ताठ झाला. त्याने फोन काढून एक फोटो घेतला आणि उरलेली न्याहारी न बोलता संपवली. आम्हाला वाटलं, त्याला जागा आवडली.

सोमवारी संध्याकाळी नवऱ्याने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. मित्राने एक तारा देऊन कॅफेचा रिव्ह्यू लिहिला होता. 'सशस्त्र माणसांच्या गराड्यात न्याहारी,' अशी सुरुवात. 'हे आयर्लंड आहे की आणखी काही?' असा शेवट. आणि मध्ये फोटो. त्यात बंदुका स्पष्ट दिसत होत्या आणि त्यांच्या शेजारी, मांडीवर पर्स घेऊन, त्या आपल्याच असाव्यात अशा थाटात सासूबाई.

मी त्याला फोन केला. "अरे, निदान विचारायचंस तरी!"

"वहिनी, मी फक्त खरं ते लिहिलं," तो म्हणाला. "आणि काकूंचा चेहरा ब्लर करणार होतो, पण राहिलं."

तो फोटो फिरत फिरत कुठे कुठे गेला. स्थानिक रेडिओवर लोक फोन करून भांडले. त्यातल्या निम्म्यांनी कॅफे पाहिलेलाही नव्हता. रविवारी चर्चमधून थेट तिथे येणारी कुटुंबं येईनाशी झाली. आणि मग फोटो अटलांटिक ओलांडून पलीकडे पोचला. तिथल्या बंदूकप्रेमींना कळलं, की आयर्लंडच्या एका कोपऱ्यात एक शूर बाई उघडपणे शस्त्र बाळगू देते आणि तिच्यावर अन्याय होतोय. ते तिच्या पाठीशी उभे राहिले. पाच-पाच तारे, त्याखाली झेंडे, गरुड आणि आशीर्वाद.

मालकीणबाईंना इंटरनेटची आवड नव्हती. त्यांनी मला काउंटरपाशी बोलावलं. "वाच गं, काय म्हणतायत ते."

मी वाचू लागले. "'स्वातंत्र्याची चव असलेली न्याहारी.'"

"हं."

"'जगातली सर्वोत्तम कॉफी.'"

त्यांनी मला थांबवलं. "हा कधी आला होता?"

"टेक्सासचा आहे. आला नसावा."

"मग खोटं कशाला बोलतो? माझी कॉफी वाईटच असते. चहा प्या म्हणून सांगते मी सगळ्यांना." बंदुकीवरून झालेल्या गदारोळाने त्या चिडल्या नव्हत्या, या कॉफीने मात्र चिडल्या. पुढे एकाने लिहिलं होतं, की उन्हाळ्यात सहकुटुंब येईन आणि कमरेला पिस्तूल लावून तुमच्या टेबलावर बसेन.

"विमानतळावरच धरतील त्याला," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि नाही धरलं, तर पाय पुसून ये म्हणावं."

त्यानंतर पोलीस आले. म्हणजे एकच आला. टोपी काखेत धरून त्याने बाकाकडे पाहिलं, शेतकऱ्यांची नावं घेऊन चौकशी केली, कारण तिघे त्याचे नातेवाईक निघाले, आणि बंदुका निदान खोळीत ठेवा, असं सुचवलं. मग सॉसेज खाल्ले. जाताना म्हणाला, "सगळं ग्रँड आहे." सासूबाईंनी मला विचारलं, ग्रँड म्हणजे नेमकं चांगलं की वाईट? मी इतकी वर्षं इथे राहते, मला सांगता आलं नाही.

पण गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. म्हाताऱ्याच्या ते जिव्हारी लागलं. "आमच्यापायी त्या बाईचं नुकसान," तो म्हणाला. त्याने आजूबाजूच्या सगळ्या गन क्लबांना निरोप धाडला: येत्या रविवारी प्रत्येकाने इथे न्याहारी करायची. रेडिओवाल्यांना बातमी लागली. आमच्या कारखान्यातही कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू झाली, की रविवारी बंदूकवाल्यांचा मोर्चा आहे.

त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जीप आणि ट्रॅक्टरसुद्धा उभे होते. नवरा म्हणाला, "परत जाऊ या." सासूबाई तोवर गाडीतून उतरल्या होत्या.

आत उभं राहायला जागा नव्हती. आमच्या क्लेअर जिल्ह्यातले सगळे बंदूकवाले आले होते: बायका, पोरं, आज्या, चर्चला घालायचे चांगले कपडे, विंचरलेले केस. मी बाकाकडे पाहिलं. बाकावर माणसं बसली होती. मी दारामागे पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं. पूर्ण कॅफेत एकही बंदूक नव्हती.

"बंदुका कुठे आहेत?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"घरी, कुलपात." त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "आज शिकारीला कुठे गेलोय आम्ही? आणि इथे कोपर टेकायला जागा नाही, बंदूक कुठे ठेवणार?"

एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला होता, तो हिरमुसला. त्याने विनवलं, कोणी जवळ राहत असेल तर एखादी घेऊन या, नुसती फोटोपुरती. म्हाताऱ्याने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "फोटोसाठी बंदूक बाहेर काढणाऱ्याचा परवाना काढून घ्यायला पाहिजे," तो म्हणाला आणि त्याच्या हातात टोस्ट दिला.

मालकीणबाईंची तारांबळ उडाली होती. मी कपबशा विसळायला घुसले, नवऱ्याला अंडी फोडायला लावलं. आणि सासूबाईंना मालकीणबाईंनी खांद्याला धरून दारात उभं केलं, खाली बोट दाखवलं आणि पुसण्याची खूण केली. तेवढं पुरलं.

"पाय!" सासूबाई प्रत्येक येणाऱ्याला सांगत होत्या. "पाय पूस रं बाबा, पाय!"

आणि ते धिप्पाड शेतकरी, मराठीचा एक शब्द न कळता, शाळकरी मुलांसारखे रांगेत बूट घासत होते. एक जण तर विसरून तसाच आत शिरला, तेव्हा त्याच्या बायकोनेच त्याला "पाय!" म्हणून मागे ओढलं.

पाव संपला, अंडी संपली, शेवटी लोक वाईट कॉफीही प्यायले. हळूहळू चर्चची कुटुंबंही परत येऊ लागली. बंदूकवाल्यांना बिनबंदुकीचं पाहून त्यांची भीती गेली असावी. सँडीफोर्डच्या मित्राने फोन करून विचारलं, "रिव्ह्यू काढून टाकू का, वहिनी?" मी मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू दे. पर्यटक तो वाचून येतात आणि इथे बंदुका दिसल्या नाहीत की स्कोन खाऊन जातात."

असं सगळं जिंकल्यावर इन्शुरन्स कंपनीचा फोन आला.

पोलिसाला जमलं नव्हतं, रेडिओला जमलं नव्हतं, एका ताऱ्याला जमलं नव्हतं; ते एका मंजुळ आवाजाच्या मुलीला पाच मिनिटांत जमलं. कॅफेत बंदूक येणार असेल तर विमा मिळणार नाही, आणि विमा नसेल तर कॅफे नाही. मालकीणबाईंनी दारावर पाटी लावली, की बंदुका आत आणू नयेत. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना खाली बसलेलं पाहिलं.

"इतकी माणसं माझ्यासाठी आली गं," त्या म्हणाल्या, "आणि आता मीच त्यांना नको म्हणायचं."

माणसांनी मात्र वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी यायचंही सोडलं नाही. फक्त आता सगळ्या बंदुका एका जीपमध्ये ठेवतात आणि पाळीपाळीने एक जण त्यांच्यापाशी गाडीत बसतो. त्याची न्याहारी मालकीणबाई खिडकीतून देतात, वर झाकण घालून, कारण पाऊस असतोच.

सासूबाई परत जायच्या आधीच्या रविवारी पाळी म्हाताऱ्याची होती. त्यांनी आत शिरताच इकडे-तिकडे पाहिलं, मग दोन कप चहा घेतले आणि बाहेर गेल्या. मी दुभाषी म्हणून मागोमाग निघाले, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. काचेतून मला दिसत होतं: जीपच्या पुढच्या सीटवर दोघं बसलेली, मागे बंदुका, टपावर पाऊस. सासूबाई हात पसरून काहीतरी मोठं दाखवत होत्या, बहुतेक रानडुक्कर. म्हातारा मान हलवत होता. चहा थंड होईपर्यंत ती दोघं आपापल्या भाषेत बोलत राहिली, आणि मी आत माझं अंडं खाल्लं.