दिवसा लावलेलं दार

बुढीसोबत, म्हणजे माझ्या बायकोसोबत, मी शेवटचं जे काम केलं ते तुरीच्या ओल्या शेंगा सोलायचं. सांजेची वेळ, ओट्यावर आम्ही दोघं, आमच्या मधात शेंगांचं सूप. सोले वाटीत टाकायचे होते, मी तोंडात टाकत होतो अन् ती माझ्या हातावर चापटी मारत होती. मधातच तिनं मान वळवून घरात पाहिलं अन् म्हणाली, "मांगच्या खोलीत कोनाचं लगन लागून राहिलं का? दिवा कायले जळून राहिला?" मी उठलो, दिवा बंद केला, परत येऊन बसलो. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीत दुखलं. गाडी भंडाऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी चौथी शिकलेला माणूस. रडणं मला लिहिता येत नाही, अन् ते कोणाला वाचायचंही नसते. पोरगी म्हणाली, बाबा, यंत्रांची गोष्ट लिहून ठेवा, लोक तिच्यात मनचं घालून सांगून राहिले. म्हणून लिहितो.

बुढी गेली अन् मी घरात एकटा झालो. पोरगी एकुलती एक, पुण्याला असते. ती अन् जवाई दोघंही तिथं नोकरीला. गेल्या पावसाळ्यात अंगण ओलांडून न्हाणीकडे जाताना माझा पाय शेवाळावर पडला अन् मनगट मोडलं. पोरीपासून मी ते दहा दिवस लपवलं. ती रोज मोबाइलवर तोंड दाखवून बोलते, म्हणून मी प्लास्टरचा हात शालीत घालून बसायचो. भादव्याची गरमी, अंगातून धारा, अन् वरून शाल.

"बाबा, ताप हाये का तुमाले?"

"नाई वो. इकडं हवा थंडी हाये."

अकराव्या दिवशी शाल सरकली. त्यानंतर तिनं एकच धरलं, पुण्याले चला. मी तिच्याकडे एकदा आठ दिवस राहून आलो होतो. बाराव्या माळ्यावर घर. तिथं माणसाला नुसतं थुंकायचं तरी जागा शोधावी लागते. मी सरळ सांगितलं, "तिकडं मी महिन्याभरात मरीन."

ती म्हणाली, "अन् इथं एकटे राहाल तं आठ दिवसात."

मग जवाई मधात पडला. म्हणाला, घरात काही यंत्रं बसवू. दिव्यांची, दाराची, पाण्याच्या मोटारीची. आम्हाला तिथून घर दिसत राहील. संक्रांतीपर्यंत पाहू. जमलं तर तुम्ही इथंच राहा, नाही जमलं तर काही न बोलता सामान बांधायचं. मी हो म्हटलं. मला हे घर सोडायचं नव्हतं. छपरावर विमान बसवतो म्हणाला असता तरी हो म्हटलं असतं.

दिवाळीत दोघं आले अन् जवाई दोन दिवस शिडीवरून उतरला नाही. गावात इंटरनेटची तार आधीच आली होती, ती घरात घेतली. मोबाइलवरून लागणारे दिवे बसवले. अंगणात अन् संडासात माणूस दिसला की आपोआप लागणारे अन् तो गेला की विझणारे दिवे. मोटारीला एक डबी, टाकी भरायच्या बेतात आली की मोटार बंद करणारी. पुढच्या दारावर बोटाएवढी पांढरी पट्टी, दोन तुकड्यांची. दार उघडून ते तुकडे वेगळे झाले की पुण्यात मोबाइल वाजणार. अन् ओट्यावर, दाराच्या वर, कॅमेरा. त्यातून पाहताही येते अन् बोलताही येते.

पहिले सगळ्यात मजा आणली संडासातल्या दिव्यानं. मी बसलो की दोन मिनिटांत अंधार. हलला नाही तर त्याच्या लेखी तिथं माणूसच नाही. बसल्या बसल्या हात हलवावा लागे, शेतात पाखरं हाकलल्यासारखा. पण मला राग आला नाही. बुढीही हेच करायची. मी आत असलो तरी बाहेरून बटन बंद, अन् वरून म्हणायची, आत काय पेपर वाचून राहिले का? बिल कमी आलं ते पाहून वाटलं, ती असती तर म्हणाली असती, यात यंत्रानं काय केलं, मी हेच फुकटात करत होती.

स्वयंपाकखोलीचा दिवा जवायानं असा लावून दिला होता की दिवस मावळला की आपोआप लागावा. ते दोघं पुण्याला गेले त्याच्या दुसऱ्या सांजेला मी ओट्यावर बसलो होतो. मागं दिवा लागला. मी मान न वळवता म्हटलं, "अवो, चहा मांड." बेचाळीस वर्षांची सवय. आत दिवा लागला म्हणजे ती आत आहे. मग उठून स्वतः चहा मांडला, अंदाज चुकला, दोन कप झाला, दोन्ही मीच प्यालो. जवाई फोनवर म्हणाला, नको असेल तर तो दिवा आपोआप लागणं बंद करतो. मी म्हटलं, बाकी काय करायचं ते करा, त्या दिव्याला हात लावायचा नाही.

समोरच्या घरात माझी चुलत वहिनी राहते. वयानं माझ्याहून पाच वर्षं मोठी, जिभेनं पंधरा. ती ताक मागायला ओट्यावर चढली अन् वरून पोरगी बोलली, "मोठीमाय, बरी हायेस ना?" वहिनीनं ताकासाठी आणलेला रिकामा गंज तिथंच टाकला अन् आपल्या घरात पळाली. दुसऱ्या दिवशी मात्र नवं पातळ नेसून आली. मग रोज दुपारी यायला लागली. कॅमेऱ्याच्या पुढ्यात पाट टाकून बसायची अन् पोरीला गावच्या साऱ्या बातम्या सांगायची. पोरगी ऑफिसात असली तर हो हो म्हणायची, ती ऐकत नसली तरी वहिनी थांबत नसे. एक दिवस तिनं जवायाचीच तक्रार केली, तिच्या कोचईवरून, म्हणजे अळूवरून.

"बाई, तुह्या नवऱ्यानं माही कोचई मारली."

"त्यायनं काय केलं, मोठीमाय?"

"तुह्या बापाची टाकी रोज भरून सांडे. ते पानी माह्या वाडीत ये. कोचईचे पानं सुपाएवढे होत. आता ते डबी बसवली, तं थेंब नाई."

तेव्हापासून मी रोज एक बादली पाणी तिच्या कोचईला नेऊन टाकू लागलो. वीज वाचली, माझी कंबर गेली.

सगळं जमून राहिलं होतं. अडलं ते दारावर. आमच्या गावात दिवसा दार कोणी लावत नाही. सकाळी उघडलं की रात्री झोपतानाच लावायचं. कोणी विळा न्यायला येते, कोणी पाणी प्यायला, शेजाऱ्याची कोंबडी तर पाहुण्यासारखी येते. दार वाऱ्यानंही हलते. दर वेळी पुण्यात मोबाइल वाजे. एक दिवस पोरीनं फोन केला.

"बाबा, दिवसातून चाळीस वेळा वाजते. आता मी पाहतच नाई. खरंच काही झालं तं मले समजन कसं?"

"मंग काय दार लावून बसू? दिवसा दार लावलं तं लोक म्हनतीन, बुढ्याले काही झालं."

"काही नाई म्हनत कोनी. उद्या एक दिवस लावून पाहा. पुढचंही, मांगचंही. दहा दिवसांवर संक्रांत आली, बाबा."

संक्रांतीचं नाव तिनं घेतलं अन् मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवण करून मी पुढच्या दाराला आतून कडी लावली. लावल्यावर घर असं दिसलं की मला आतमध्ये बसवेना. मोबाइल चार्जिंगला होता, तो तिथंच राहिला. मागच्या दारानं सांदवाडीत निघालो, धानाच्या कोठीचं जुनं कुलूप त्या दाराला ठोकलं अन् तलावाकडे गेलो. तिथं जाळं टाकणं सुरू होतं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसलो, बिड्या ओढल्या, गप्पा मारल्या. जाळेवाल्यानं दोन मासे दिले. पळसाच्या सालीत ओवून ते हातात धरले अन् ऊन उतरता घराकडे आलो.

सांदवाडीत कुलूप काढणार तर पुढून रडणं ऐकू आलं. आवाज वहिनीचा. मला वाटलं, गल्लीत कोणीतरी गेलं. मासे हातात घेऊनच वळसा घालून गल्लीच्या तोंडाशी आलो. गल्ली माणसांनी भरली होती, नेमकं कोणाच्या दारात ते दिसेना. सगळ्यात मागं गावाच्या वरच्या टोलीतली एक बाई पदर डोळ्याला लावून उभी होती. मी विचारलं, "कोन गेलं वो?"

तिनं वळून पाहिलं नाही. म्हणाली, "इथला बुढा गेला जी. बुढीच्या मांगं धड वर्ष नाई काढलं."

"काय झालं होतं त्याले?"

"मारलं म्हनते. पुढून आतून कडी, मांगून बाहेरून कुलूप. मंग मारनारा मांगून पळाला असन. मोबाइल आत वाजून वाजून थकला."

मी वर पाहिलं. माझंच छप्पर. त्यावर बाजूचा शेजारी, गावात कवेलू फेरायला सगळे त्यालाच बोलवतात, कवेलू काढकाढून खाली टाकत होता अन् कमरेपर्यंत आत गेला होता.

खरं सांगतो, त्याच वेळी मी ओरडायला पाहिजे होतं. पण आपल्यामागं लोक काय बोलतात ते कोणाला ऐकायला भेटते? मी उभा राहिलो. वहिनी माझ्या दारावर हात आपटत होती. "भावजी गा, असं न सांगता कसे गेले गा. माह्या कोचईले आता कोन पानी देईन गा." मला हसू यायला लागलं अन् त्याच वेळी डोळ्याला पाणीही आलं.

तेवढ्यात कॅमेऱ्यातून पोरीचा आवाज आला. ती कधीची ओरडत होती म्हणे, गोंधळात कोणाला ऐकू गेलं नव्हतं. वहिनी श्वास घ्यायला थांबली तेव्हा गेलं.

"मोठीमाय, रडू नोको. बाबा मांगं उभे हायेत. पांढरी टोपी. हातात मासे हायेत पाहा."

सारी गल्ली वळली. माझ्या पुढची बाई एकदम बाजूला झाली. वहिनीनं मला टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं, पदरानं नाक पुसलं अन् म्हणाली, "जित्ते हाये तं सांगाले काय तोंड दुखत होतं?"

छपरावरून शेजारी म्हणाला, "काकाजी, मंग मी उतरू का?"

"आता अर्धा आत गेलाच हायेस तं पुरा जा. अन् कडी काढ."

त्यानं आत उडी टाकली अन् दार उघडलं. त्याच क्षणी पुण्यात मोबाइल वाजला, दार उघडलं म्हणून. पोरगी कॅमेऱ्यातून हसायला लागली. ते हसणं लवकर थांबलं नाही, अन् मधात कुठंतरी ते रडणं झालं.

सगळ्यांसाठी चहा मांडला. दूध वहिनीकडून आलं, साखर गिरणीवाल्याकडून. मी कसा मेलो ते प्रत्येकानं आपल्या परीनं सांगितलं अन् सारे पोट धरून हसले. मासे वहिनीनं रांधले. पण एवढा तमाशा साऱ्यांनी पाहिला, पोरीनंही पाहिला. आता कोणत्या तोंडानं म्हणणार की माझं इथं जमते? लोक गेल्यावर माळ्यावरून पेटी काढली अन् पुसून ठेवली.

आठ वाजता फोन आला.

"जेवले का, बाबा?"

"जेवलो." मग मीच म्हटलं, "केव्हा निघू ते सांग. पेटी काढली."

ती म्हणाली, "मी मघापासून तेच पुन्हा पुन्हा पाहून राहिले. तो निळ्या शर्टवाला कोन?"

"गिरणीवाला."

"अन् काठीवाला बुढा, तो दारावर खांदा मारून राहिला होता?"

"तो होय. शेताच्या धुऱ्याच्या भांडणापासून तो माह्याशी बोलत नाई. सहा वर्षं झाले."

"बोलत नाई?"

"आजही नाई बोलला. चहा पिऊन गेला."

ती हळूच म्हणाली, "आमचं दार तं चोवीस तास लागलंच असते, बाबा. कोनी पाहाले येत नाई." मग म्हणाली, "पेटी वर ठेवा."

मग जवायानं फोन घेतला. म्हणाला, "बाबा, मी दाराचं उलटं करून टाकलंय. आता दार उघडलं तर वाजणार नाही. सकाळी सातपर्यंत उघडलं नाही, तर वाजेल. आमच्या दोघांच्या मोबाइलवर, आणि शेजाऱ्यांच्याही."

मी म्हटलं, "जवाईबापू, हे तुमी पहिले काहून नाई केलं?"

"मला कुठं माहीत होतं, तुमच्याकडे दार कशासाठी असतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजताच मी दार उघडलं. दोन्ही फळ्या भिंतीला टेकवल्या अन् हलू नयेत म्हणून दगड लावले. मग फुटक्या कवेलूंचा ढीग टोपल्यात भरला, तो शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवला अन् त्याला हाक मारली, "ऊठ गा. जित्त्या मानसाचं छप्पर फोडलं, आता बसवून दे."