गो म्हणजे येतो

परकी भाषा माणसाला नम्र करते, असं म्हणतात. मी ज्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तिथल्या मुख्याध्यापकांपर्यंत ही बातमी पोचली नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाळा इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या अलीकडे. मी बारामतीहून एसटीनं जायचो. नोकरी तात्पुरती. तपासणीच्या साहेबांचा शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर घरी. हे मुख्याध्यापक मला दर आठवड्याला सांगत, आणि 'घरी' या शब्दावर जरा रेंगाळत. त्यांचं सगळं इंग्रजी एका नियमात मावायचं: एका शब्दाला एकच अर्थ. गो म्हणजे जाणे, कम म्हणजे येणे. एवढ्या भांडवलावर ते भर उन्हाळ्यात टाय लावायचे.

साहेब आले, पाचवीच्या वर्गात माझ्याच खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला उठवलं.

"घरातून निघताना मुलगी आईला म्हणते, आय ॲम गोइंग. मराठीत सांग."

"मी येते."

मुख्याध्यापक कडाडले, "गो म्हणजे काय गं?"

"जाणे, सर. पन निघताना जाते म्हनत न्हायत. आमची आई मारंल."

उत्तर बिनचूक होतं, आणि मी तसं म्हणालो. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटात हात घातला होता.

"घरचं घरी ठेवा, गुरुजी. इथं इंग्रजी चाललंय."

"चाललंय कुठं, साहेब? पहिल्याच वाक्याला बसलंय."

मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला. माझी नोकरी गेली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून आधी कळलं.

भिगवणला माशांचं जेवण ठरलेलं होतं, त्यामुळे साहेबांनी ज्ञानचर्चा आवरती घेतली. दारात हात जोडून म्हणाले, "बरंय, येतो आम्ही."

"साहेबबी चुकलं!" मागून ती मुलगी ओरडली. वर्ग खदखदून हसला. साहेब हसले नाहीत.

शेरा मुख्याध्यापकांनी शिक्षकखोलीत सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचला: शिक्षकास साध्या क्रियापदांचा अर्थ अवगत नाही.

शेवटच्या दिवशी ते मला म्हणाले, "या आता." म्हणजे जा. एका शब्दाला एकच अर्थ हा नियम बहुधा शाळा सुटेपर्यंतच लागू होता.

"जातो," मी म्हणालो.

घंटेपाशी उभे असलेले शिपाई तात्या दचकले. "अवं गुरुजी, आसं म्हनू न्हाय. येतो म्हना."

"न्हाय तात्या. जातो."

मुख्याध्यापकांकडे वळूनही न पाहता मी फाटकाबाहेर पडलो. ताठ मानेनं फाट्यापर्यंत गेलो.

तिथं लक्षात आलं की जेवणाचा डबा शिक्षकखोलीत राहिलाय. परत आलो.