हमरोकुलला वाकता येईना

हमरोकुल,

हे पत्र तुला पोचणार नाही. चाळीस वर्षं मी नर्सांना शरीरशास्त्र शिकवलं, मेलेली माणसं टपाल घेत नाहीत एवढं मला कळतं. तरी लिहितेय, कारण परवा नान घ्यायला रांगेत उभी होते तेव्हा एक शहाणा म्हणाला, हमरोकुल म्हातारपणी माजला होता. त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. आता काय घडलं ते सगळं एकदाच सांगून टाकते. सांगताना तुला 'तो' म्हणणार आहे. नाहीतर लहानपणासारखा मध्येच मला, मोठ्या बहिणीला, 'ओपा, तसं नव्हतं' सुरू करशील.

तर हमरोकुल बुखाऱ्याच्या टपाल कचेरीत पार्सलं तोलायचा. ती नुसती नोकरी. त्याचं खरं काम मोहल्ल्यातल्या लग्नांत. लग्नाच्या पहाटे पुरुषमंडळींना ओश वाढतात, मांस-गाजर घातलेला भात, तेव्हा यजमानाकडचे लोक फाटकात रांगेने उभे राहतात आणि उजवा हात छातीवर ठेवून येणाऱ्याला वाकतात. कोणापुढे किती वाकायचं हे ठरलेलं असतं. हमरोकुलला ते कधी जमलं नाही. इमामापुढे वाकावं तितका तो गाढवगाडीवाल्यापुढेही वाकायचा. गाडीवाला चार दिवस खूश असायचा, इमाम चार दिवस घुश्श्यात. पण ज्या फाटकात हमरोकुल नाही ते लग्न लोकांना लग्न वाटेना, म्हणून त्याला सगळीकडून बोलावणं.

चाळीस वर्षं हात छातीवर आणि खांदे पुढे. शेवटी ते खांदे तसेच राहिले. मग उजवा खांदा दुखायला लागला, इतका की चहाची किटली उचलवेना. त्याच्या बायकोने, साओदतने, गरम मिठाची पुरचुंडी बांधली. शेजाऱ्याने उंटाची लोकर दिली. कोणी मोहरी लावली, कोणी घोड्याची चरबी. सगळं मागून, जिथे दुखत होतं तिथे.

मी एकदा बघायला गेले आणि वैतागले. म्हटलं, "त्या खांद्याला कशाला छळताय? तो पुढून ओढला जातोय. छातीचे स्नायू आखडलेत याचे. शोदीकडे जा, आणि छाती दाबून घे."

शोदी जुन्या हमामातला, म्हणजे गावच्या गरम न्हाणीघरातला, मालीशवाला. अंगाने बैल, बोलायला कंजूस. त्याने हमरोकुलला गरम दगडावर उताणं पाडलं आणि गळ्याजवळच्या हसळीच्या हाडाखाली अंगठा रोवला. मग तो अंगठा इंच इंच काखेच्या पुढच्या कडेकडे सरकू लागला.

"शोदी, खांदा मागे आहे रे माझा."

"खांदा कुठे असतो ते मला माहीत आहे."

"मग हे काय चाललंय?"

"चोर पुढे बसलाय. मागचा नुसता ओरडतोय."

चार शुक्रवार हे चाललं. चौथ्या शुक्रवारी हमरोकुलने किटली उचलली, वरच्या फळीवरचा खडीसाखरेचा डबा काढला, आणि साओदतला दाखवायला उगीचच परत वर ठेवला. दुखणं गेलं. खांदे मागे गेले, छाती पुढे आली, आणि इतकी वर्षं कोटाच्या घडीत लपलेला माणूस ताठ उभा राहिला.

आणि मग त्याला वाकता येईना.

खांदे पुढे यायलाच तयार नाहीत. कमरेतून वाकला तर छाती फुगलेली, हनुवटी वर, हात छातीवर ठेवल्यामुळे कोपर बाहेर. वाकतोय की झुंजीच्या कोंबड्यासारखा अंगावर येतोय ते समजेना. आठवड्यात मोहल्लाभर झालं. गाडीवाला म्हणाला, "पेन्शन वाढली वाटतं." इमाम म्हणाले, मला आधीपासूनच शंका होती.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण नऊ दिवसांवर नातीचं, निगोराचं लग्न आलं होतं. नवऱ्यामुलाचे आजोबा गिजदुवान गावचे अब्दुकाहोर-बोबो; बोबो म्हणजे आजोबाच. एका लग्नात यजमान हातात पेला असताना वाकला म्हणून हा गृहस्थ तिथूनच परत फिरला होता, आणि ती सोयरीक मोडली होती. निगोराने हमरोकुलसमोर बसून सरळ सांगितलं, "बोबो, मला त्याच्याशीच लग्न करायचंय. तुम्ही फक्त वाका."

हमरोकुल आरशापुढे वाकून दमला. शेवटी हमामात गेला.

"शोदी, होतं तसं पुन्हा आवळून दे."

"सैल करणं मला येतं. आवळायला चाळीस वर्षं लागतील. थांबतोस?"

लग्नाची पहाट उजाडली. अब्दुकाहोर-बोबो बारा माणसं घेऊन फाटकाशी आले. हमरोकुलने हात छातीवर ठेवला, देवाचं नाव घेतलं आणि वाकला.

बोबो जागच्या जागी थांबले. "हे काय?"

"वाकलो, बोबो."

"असं होय. मला वाटलं बोकड टक्कर द्यायला आलाय."

हमरोकुलने खरं ते सांगितलं. खांदा, छाती, चार शुक्रवार. बोबोंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खांदा दुखतो म्हणून छाती दाबली. उद्या म्हणशील, दात दुखतो म्हणून बूट काढला." बारा माणसं गाड्यांकडे वळायला लागली. आत ओशवरची चरबी गोठून पांढरी पडू लागली. खिडकीच्या पडद्यामागे निगोरा उभी होती.

तेवढ्यात शोदी पंगतीतून उठून बाहेर आला, हात भाताने तेलकट. त्याने बोबोंना न्याहाळलं. "बोबो, उजवा हात वर करा."

"का?"

"करा तर."

हात कानापर्यंत गेला आणि अडला. "वीस वर्षं इथपर्यंतच जातो," बोबो म्हणाले.

शोदीने त्यांच्या काखेच्या पुढच्या कडेला अंगठा घातला. त्यांचा डावा हात आपोआप छातीवर आला आणि ते कमरेतून पार गुडघ्यापर्यंत दुमडले.

मागच्या बाराजणांनी पाहिलं ते एवढंच: आपला म्हातारा छातीवर हात ठेवून वाकलाय. म्हातारा वाकल्यावर आपण उभं कसं राहायचं? तेही वाकले. ते वाकले म्हणून फाटकातली यजमानांची रांग वाकली. हमरोकुलही वाकला, कोंबडा तर कोंबडा. आणि वडीलधारा सरळ होण्याआधी कोणी सरळ व्हायचं नसतं. वडीलधाऱ्याला शोदीचा अंगठा सरळ होऊ देईना. दोन्ही घरांतले सव्वीस पुरुष तसेच दुमडून उभे, आणि शोदी शांतपणे पुढची गाठ शोधतोय.

शेवटी त्याने अंगठा काढला. "आता करा वर."

हात टोपीच्या वर गेला. बोबोंनी तो दोनदा वरखाली करून पाहिला, हमरोकुलकडे बघितलं आणि विचारलं, "ओश कुठे मांडलाय?"

निगोरा गिजदुवानला गेली, तिला आता दोन मुलं. बोबोही ताठ झाले, आणि तिकडे लोक म्हणतात, बुखाऱ्याशी सोयरीक करून म्हातारा चढून गेला.

एवढंच घडलं, हमरोकुल. तू माजला नव्हतास, तुझी छाती मोकळी झाली होती. तीन वर्षं तसाच ताठ चाललास, आणि कबरीतही सरळ मावलास.

आता माझं काम. फळ्यावर लिहून लिहून माझाही खांदा गेलाय, हे मी तुला निगोराच्या लग्नातच सांगितलं होतं. शोदी बायकांना हात लावत नाही, म्हणून त्याच्याकडून नेमकं कुठे दाबायचं ते विचारून ये आणि त्याचं ते तेल आण, असं म्हटलं होतं. "उद्या आणतो, ओपा," म्हणालास. बाटली मी धुऊन, वाळवून तुझ्या फाटकातल्या कोनाड्यात ठेवली होती. परवा जाऊन पाहिली. तिथेच आहे, बूच लावलेली, रिकामी.