ह्या वाटेनं जीप जात न्हाय

बेळगावकरांनो, आज डोकं लई तापलंय, म्हणून लिहितेय.

हिंडलगा ते निपाणी, तीन दिवसांची सायकल टूर. हायवे नाही. डोंगर, दगड आणि उसातल्या पाणंदी. ही वाट शोधायला सहा रविवार मी एकटी सायकलवर फिरले. कुठं ओढा आडवा येतो, कुठं सायकल खांद्यावर घ्यावी लागते, सगळं नकाशावर मांडलं.

आज सकाळी आमच्या सायकल ग्रुपची चहावर बैठक झाली. सगळे पुरुष, मी एकटी बाई. नकाशा बघून सगळे खूश. मग ग्रुपमधले थोरले अण्णा म्हणाले, "आक्का, तुम्ही जीप घेऊन मागनं या. जेवणाचं तेवढं बघा."

मी म्हटलं, "अण्णा, ह्या वाटेनं जीप जात न्हाय."

अण्णांनी जरा विचार केला. "मग वाट बदलू या. डांबरी रस्त्यानं जाऊ."

म्हणजे अख्खी टूर बदलली तरी चालेल, पण मी सायकलवर नको!

नकाशाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि चहा अर्धा सोडून उठले.

शनिवारी सकाळी सहाला मी हिंडलग्यातून निघतेय, त्याच वाटेनं. कोण कोण येणार? अण्णा, तुम्हीपण या.

डबा आपापला आणायचा.