घरातले सात महिने

आमच्या ह्यांना छत सोसायचं नाही. शाहूपुरीत पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात सहा दिवस काउंटरमागं उभं राहायचं आणि रविवारी उजाडताच सायकल काढून कळंब्याचं तळं गाठायचं, हा त्यांचा नेम. दुपारी उन्हानं लालबुंद होऊन यायचे आणि जेवताना कुठल्या झाडावर कुठला पक्षी दिसला ते सांगत बसायचे. मला मेलीला कावळा-चिमणीपलीकडं काही ठाऊक नव्हतं. मी आपली हूं हूं करून भाकरी वाढायची.

आमचं लग्न साठच्या दशकातलं. गल्लीतल्या नव्या सुना नवऱ्याबरोबर पिक्चरला जायच्या. मला ह्यांनी एसटीत बसवून गगनबावड्याला नेलं, तेही ऐन श्रावणात. नवी जरीकाठी साडी नेसून मी घाटाच्या तोंडाशी उभी, आणि समोर नुसतं धुकं.

"दिसतंय का?" ह्यांनी कौतुकानं विचारलं.

"काय दिसायचं? समदं पांढरं!"

"त्येच बघायला आलोय की!"

परतीच्या वाटेवर मी तोंड फुगवून बसले. साडीचा काठ चिखलानं गेला तो गेलाच. पुढं पुढं मला त्या पांढऱ्यात गोडी वाटायला लागली, पण तसं मी कधी कबूल केलं नाही. नवऱ्याचं सगळंच कबूल केलं की तो डोक्यावर बसतो.

पंधराएक वर्षं अशी मजेत गेली. मग एका रविवारी पन्हाळ्याचा चढ चढताना ह्यांच्या छातीत कळ आली. बरोबर त्यांचे दोस्त होते, सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले. मी त्यांना भाईजान म्हणायचे. त्यांनीच एक जीप थांबवून ह्यांना दवाखान्यात पोचवलं, म्हणून माझं कुंकू राहिलं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला समोर बसवलं. हे पडद्याआड सदऱ्याची बटणं लावत होते. "चढ चढायचा नाही. सायकल बंद," डॉक्टर म्हणाले. "पण सपाटीला रोज सावकाश चालू दे. चाललंच पाहिजे."

मी भिऊन अर्धी झाले होते. घरी येताच फर्मान काढलं, "डॉक्टर म्हणाल्यात, दुकान आणि घर. बाकी कुठं पाऊल टाकायचं न्हाय." सपाटीचं मी गिळून टाकलं.

"म्हणजे मला कळंब्याच्या जेलातच घातलंस की," एवढंच म्हणून ते हसले.

सात महिने त्यांनी ते पाळलं. दुकानाला रिक्षानं जायचं, रिक्षानं यायचं. रविवारी खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. जेवण तुटलं. पक्षी संपले तसं ताटावरचं बोलणंही संपलं. मला ते दिसत होतं, पण माणूस डोळ्यांसमोर आहे ना, मग बाकीचं चुलीत गेलं, असं मी मनाला बजावायची.

एक दिवस भाईजान आले. ह्यांच्याकडं बघून चहा तसाच ठेवला आणि निघताना दारात मला म्हणाले, "वैनी, डॉक्टरनं सपाटीला चालायला बी बंदी घातलीया व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

ज्या माणसानं माझा नवरा परत आणून दिला, त्याच्या तोंडावर मी खोटं बोलले. ते मान हलवून गेले, आणि मला दारात उभं राहवेना. तशीच आत गेले आणि ह्यांच्यासमोर खाली बसले. सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडणार, आणि ओरडू दे.

"मला म्हाईत हुतं," ते म्हणाले. "पडद्याआडनं ऐकलंतं की मी."

"मग गेला का न्हाईसा?"

"कसा जाणार? दुकानातनं यायला धा मिनिटं उशीर झाला तर दारात रडत बसायचीस. तुला मी डोळ्याम्होरं पायजे हुतो."

मी तिथंच हमसून हमसून रडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि थोड्या वेळानं विचारलं, "उद्या जाऊन येऊ का?"

दुसऱ्या दिवशी ते निघाले तेव्हा मी पदर खोचला. "थांबा, मी बी येतो." त्यानंतर चार वर्षं आम्ही दोघं रोज सकाळी सपाटीनं चाललो. मला वेडा राघू ओळखता यायला लागला, खंड्या यायला लागला. मग एका दुपारी हे जेवून पडले ते उठलेच नाहीत. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

लोक अजून म्हणतात, तुम्ही त्यांना फार जपलंत. त्या सात महिन्यांचा राग त्यांनी कधी काढला नाही. मला मात्र येतो, माझाच.