काकवी आणि कवायत

परवा कराडजवळ गुऱ्हाळाचा वास आला आणि मी गाडी थांबवली. उकळत्या रसाचा तो गोड, धुरकट वास मला थेट नववीत घेऊन गेला.

त्या सकाळी शाळेला जाताना मी गुऱ्हाळावर वाटीभर गरम काकवी खाल्ली होती. प्रार्थनेच्या वेळी ओट्यावर उभा राहून प्रतिज्ञा म्हणत असताना पोटात कळ आली आणि काही सुचायच्या आत चड्डी खराब झाली. समोर सगळी शाळा उभी. माझा आवाज बंद पडला, पाय हलेनात.

कवायतीचे सर म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मैदानावर आवाज घुमला, "सावधान! पीछे मुड!"

सगळ्या शाळेने माझ्याकडे पाठ केली. मी धूम घरी पळालो.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून त्यांच्यापुढे गेलो. "सर, काल..."

"काल काय रं? काल कवायत लय चांगली झाली."

सरांच्या काही लक्षातच आलं नाही, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. त्या समजुतीवरच मी दहावीपर्यंत मान वर करून शाळेत गेलो.