बेरीज बरोबर होती

ऑइलपेंटचा वास आला की पारोळ्याची ती भिंत आठवते. वडिलांच्या पंपदुरुस्तीच्या दुकानाचा मोबाइल नंबर पेंटरने रंगवला. मी ऐटीत दहाही अंकांची बेरीज दुकानाच्या कार्डावरच्या नंबराच्या बेरजेशी ताडली. जुळली! तरी महिनाभर एकही फोन नाही. मग शिंदखेड्याच्या एका अनोळखी अक्कांचा आला, "भाऊ, तुमना गिऱ्हाइकना बठ्ठा फोन माले येतस." स्वतःच्याच नंबरातले शेजारचे दोन-दोन अंक उलटे करत त्यांनी नंबर लावून पाहिले होते, सहाव्या खेपेला आम्ही लागलो. मी वडिलांच्या हातून फोन हिसकावून म्हणाले, "पण बेरीज बरोबर होती!" त्या हसल्या, "पोरी, जागा बदलनी तरी बेरीज तीच ऱ्हास ना!" अजूनही भिंतीवर नंबर दिसला की मी मनातल्या मनात दोन अंक उलटवते, आणि पलीकडे कोण फोन उचलेल याचा विचार करत उभी राहते.